पोटावरचा ढोल आणि कोंडलेला दम

माझ्या पोटात, बेंबीच्या मागं, एक जाळी बसवलेली आहे. जाळी बसवूनसुद्धा यांच्या पोटात गोष्ट राहत नाही, असं माझी बायको अर्चना माहेरी सांगत असते. तिचं खरंच आहे, म्हणून तर हे लिहायला बसलो. गावच्या जत्रेनंतर मला बाजूला घेऊन हळूच विचारणारे बरेच जण भेटले. कुणाच्या बेंबीजवळ फुगवटा, कुणाच्या जांघेत गाठ, आणि सगळ्यांची एकच अडचण, की हे सांगायचं कुणाला. त्यांना उभ्या उभ्या जे सांगितलं ते इथं बसून सांगतो.

मी कवठे येमाईचा. थोडी शेती आहे, नोकरी शिक्रापूरच्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर. आमचे आजे-पणजे मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. आता मेंढरं गेली, पण घरात ढोल राहिला. गजी म्हणजे आमच्या धनगरांचा ढोलाच्या तालावरचा नाच. रुमाल घेतलेली माणसं भोवती रिंगण धरतात आणि मधे ढोलवाले. ढोल गळ्यात अडकवून पोटावर घ्यायचा, वाकायचं, बसायचं, उठायचं, गिरकी घ्यायची आणि ठेका सुटू द्यायचा नाही. मी सोळाव्या वर्षापासून त्या रिंगणाच्या मधे उभा आहे. त्यामुळं आजार कळला तेव्हा नोकरीचं काय, घराचं काय, हे प्रश्न मला नंतर सुचले. पहिला प्रश्न एकच होता, की मी परत ढोल वाजवणार की नाही.

दगडासारखं पोट

आमच्या मंडळाचे म्होरके माझे चुलते, आप्पा. त्यांनी सांभाळलेली एक जुनी रीत होती. ज्याला ढोल पाहिजे त्यानं जत्रेच्या आधी देवळापुढं उताणं झोपायचं. त्याच्या उघड्या पोटावर ढोल ठेवायचा आणि आप्पांनी वरून एक आख्खा फेर वाजवायचा. खालच्यानं दम कोंडून पोट दगडासारखं धरायचं. दम सुटला की ढोल हलतो, आणि ढोल हलला की हातात झांज येते. नवा असो की जुना, दर वर्षी परीक्षा द्यायचीच. मी पहिल्यांदा पास झालो तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकले होते, पण दम सोडला नव्हता. मजबूत पोट म्हणजे कोंडलेला दम, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं.

पुढं कारखाना लागला. कँटीनचं जेवण, गेटवरचा वडापाव, शिफ्ट संपली की खोलीवर जाऊन आडवं होणं. पोट सुटलं. एकदा सरावाला ढोल माझ्या पोटावर डुगडुगायला लागला, तसे आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "ढोल पोटावर ठिवायचा आसतोय, उशीवर न्हाई." सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं.

झालं, मी पोटाच्या मागंच लागलो. खोलीत कॉटखाली पाय अडकवायचे, दोन्ही हातांनी मान ओढायची आणि झटका देऊन उठायचं. दम अर्थातच गच्च कोंडलेला. मोबाईलवर एक पिळदार माणूस सांगायचा की पोटात आग होईपर्यंत थांबू नका. मी आग होऊन विझली तरी थांबत नव्हतो. पोट आत राहावं म्हणून जुना फेटा कमरेला करकचून गुंडाळायचो. त्यावर कळस म्हणजे छातीवर सिमेंटचा ठोकळा घ्यायला लागलो. रोज, एक दिवस खाडा नाही. पोटाचा व्यायाम केला की पोटाचीच चरबी जळते, असं मला वाटायचं, आणि म्हणून खाण्यात काडीचाही फरक केला नव्हता. कंबर ठणकायला लागली, तर मला वाटलं व्यायाम लागू पडतोय.

आत्याचा तांब्या

मग एक दिवस बेंबीच्या वर बोराएवढा फुगवटा दिसला. झोपलं की गायब, खोकलं की हजर. मी आरशापुढं उभा राहून खूश झालो. म्हटलं, आला एक पॅक, बाकीचे पाच वाटेवर असतील.

अर्चनानं बघितलं आणि लगेच म्हणाली की डॉक्टरला दाखवा. मी दाखवलं आत्याला. आत्यानं बोट लावून सांगितलं की बेंबी सरकली आहे. तिनं मला उताणं झोपवलं, पोटावर कणकेचा दिवा ठेवला, पेटवला आणि वर तांब्या पालथा घातला. दिवा विझला तसा तांब्या कातडी ओढून घट्ट चिकटला. पायाच्या अंगठ्याला दोरा बांधून झाला. फुगवटा काही वेळ दिसेना, कारण मी झोपलेलो होतो, पण श्रेय तांब्याला गेलं.

पुढं हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आत आतड्याचं टोक येऊन बसलेलं असताना तुम्ही त्याला वरून ओढ लावत होता, असं ते म्हणाले. आत्याचा मला राग नाही, तिनं मायेनंच केलं. पण बेंबीजवळ किंवा जांघेत काही फुगलं तर चोळू नका, ओढू नका. कापड वर करा आणि डॉक्टरला दाखवा. लाज वाटते हे मला माहीत आहे, मलाही वाटली होती.

पाटसला

अर्चनाचं माहेर पाटसचं. मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जावई म्हणून मी खुर्चीवर बसून राहायला पाहिजे होतं. पण पोटाचा व्यायाम चाललाय हे दाखवायची खाज होती. दोघं मिळून आमटीचं पातेलं उचलत होते, तिथं मी गेलो, दोघांना बाजूला सारलं, दम कोंडला आणि एकट्यानं उचललं.

पातेलं खाली ठेवलं आणि कुणीतरी आतून चिमटा घेऊन पिरगळावा तसं झालं. बेंबीपाशी हात नेला तर गोळा कडक झालेला, दाबून आत जाईना. झोपून बघितलं तरी जाईना. थोड्या वेळानं उलटी झाली. सासऱ्यांनी काही न विचारता जीप काढली आणि आम्ही दौंड गाठलं. रस्त्यात अर्चनानं माझा हात सोडला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पायाखाली उशी दिली, आणि बराच वेळ हळूहळू, कणीक मळावी तशा हातानं तो गोळा आत घालवला. आत सरकला तेव्हा मला रडू आलं. बेंबीचा हर्निया, असं ते म्हणाले. पोटाची भिंत तिथं फाकली आहे, त्यातून आतडं बाहेर येतंय. आज आत गेलं, पुढच्या वेळी जाईलच असं नाही, तेव्हा ऑपरेशन करून जाळी बसवायची.

मी विचारलं, "डॉक्टर, ढोल वाजवता येईल का?"

ते शांतपणे म्हणाले, "आतडं अडकून काळं पडलं असतं तर हा प्रश्न विचारायला तुम्ही नसता."

अर्चना बाकावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. तोवर मी स्वतःला पैलवान समजत होतो. त्या क्षणी मी घाबरलो, आणि घाबरलो हे कळण्याइतका घाबरलो.

वॉर्ड

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी एका माणसानं येऊन पोटावरचे केस काढले. इतक्या निर्विकार चेहऱ्यानं, की मलाच त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागल्या. कमरेत इंजेक्शन दिल्यावर पाय आपले राहिले नाहीत. वरच्या दिव्याकडं बघत पडलो असताना माझी बोटं टेबलाच्या कडेवर ठेका धरत होती. सिस्टर म्हणाल्या, हात स्थिर ठेवा. मी सॉरी म्हणालो आणि थोड्या वेळानं परत धरला.

वॉर्डातून दौंड स्टेशनच्या घोषणा ऐकू यायच्या. कुठली गाडी कुठं निघाली ते सगळं कळायचं, आपण मात्र कूससुद्धा बदलू शकत नाही. राउंडला आलेले डॉक्टर रोज सगळ्यांसमोर एकच विचारायचे, गॅस पास झाला का. सासूबाई डाळीचं पाणी घेऊन शेजारी उभ्या, आणि जावयानं या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. ज्या सकाळी झाला त्या सकाळी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी आनंदानं ते वॉर्डभर कळवलं. त्या दिवशी मिळालेला अर्धा कप चहा मी अजून विसरलेलो नाही.

पोटाच्या व्यायामाचा पहिला खरा धडा मला त्या खाटेवर मिळाला. मी सवयीनं सरळ उठायला गेलो आणि सिस्टरनी खांदा धरून परत झोपवलं. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे आणि हातावर जोर देऊन उठायचं. खोकला आला तर पोटाला उशी दाबून धरायची. त्यांनी इतकं साधं सांगितलं, की मला वाटलं हे चार दिवसांपुरतं असेल. आजही मी तसाच उठतो.

आप्पा भेटायला आले. बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवला, पोटावरच्या पट्टीकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "जाळी लावल्याल्या पोटावर ढोल ऱ्हात न्हाई. यंदा तू झांज घे." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते गेल्यावर मी भिंतीकडं तोंड करून रडलो. पोट हलू न देता रडता येत नाही, त्यामुळं तेही धड जमलं नाही.

घरात

पाटसला सासरवाडीत राहिलो. वजन उचलायला बंदी, मोटारसायकलला बंदी. धाकटी मुलगी दोन्ही हात वर करून यायची आणि मी तिला नाही म्हणायचो. कारखान्यात सुट्टी टाकली होती, तरी परत गेल्यावर हलकं काम मिळेल की नाही ही धाकधूक होतीच.

एका दुपारी अर्चनानं सांगून टाकलं की घरातला ढोल मंडळाला देऊन टाकायचा. मी चिडलो. मी जन्मापासून ढोल ऐकलाय, तुला काय कळणार, असं काहीबाही बोललो. ती म्हणाली, "मला ढोल नगं, तुमी पायजेल. जीपमधी तुमचा हात गार पडला व्हता. ते तुमास्नी न्हाई कळलं, मला कळलं."

आम्ही एका खोलीत राहून दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच तोडगा काढला. डॉक्टरांनी त्यांच्या ओळखीच्या फिजिओथेरपीच्या मॅडमकडं जायला सांगितलं होतं. ती माझ्याबरोबर येणार. मॅडम नाही म्हणाल्या तर ढोल मंडळाला. हो म्हणाल्या तर ती परत तोंड उघडणार नाही. मी कबूल झालो.

तांबोळी मॅडम

तांबोळी मॅडम दौंडच्याच. बारीक अंगाच्या, आवाज मात्र मैदानावरचा. डॉक्टरांनी व्यायामाला हिरवा कंदील दाखवल्यावर आम्ही त्यांच्यापुढं जाऊन बसलो. मी ढोलाचं सांगितलं, अर्चनानं पातेल्याचं सांगितलं. मॅडमनी दोन्ही ऐकून घेतलं आणि मी आधी व्यायाम कसा करायचो ते विचारलं. करून दाखवू का म्हटलं, तर नको म्हणाल्या, तोंडानंच सांगा. मी कॉट, मान, झटका, फेटा, ठोकळा असं सगळं सांगत गेलो आणि त्यांच्या भुवया वर वर जात राहिल्या.

मग त्या म्हणाल्या, "आणि श्वास?"

"दम धरायचो."

"दुधाची पिशवी गच्च दाबली तर ती कुठं फुटते?"

मी म्हणालो, जिथं कच्ची असेल तिथं.

"तुमची बेंबीपाशी कच्ची होती. तुम्ही दम कोंडून रोज दाबत होता, वर फेट्यानं तोंड आवळून."

इतकी वर्षं जे मला कुणी सांगितलं नाही ते एवढंच होतं. पुढं त्यांनी समजावलं की पोट म्हणजे नुसती पुढची बाजू नव्हे. बाजूचे स्नायू, पाठीचे, वरचा श्वासाचा पडदा, खालचा तळ, हे सगळे मिळून घागरीसारखं काम करतात. मी फक्त पुढचीच बाजू बडवत बसलो होतो. पाय अडकवून उठलं की मांडीचे स्नायूच ओढतात, मान ओढली की मान दुखते, आणि पोटाला वाटतं आपलं कामच नाही. चरबी जाते ती चालण्यानं आणि खाण्यानं. रोज एकाच स्नायूला झोडपलं तर तो भरून यायला वेळच मिळत नाही. आणि व्यायाम करताना पोटाच्या मधोमध उंचवटा उभा राहिला, तर तो व्यायाम आपल्याला अजून झेपत नाही असं समजायचं आणि सोपा करायचा.

अर्चना मधेच म्हणाली, "मॅडम, खरं सांगा. ढोल वाजवू द्यायचा का न्हाई?"

मॅडम म्हणाल्या, "वाजवतील. पण मी सांगेन तेव्हा आणि मी सांगेन तसा." अर्चनानं माझ्याकडं बघितलं. शब्द दिला होता, त्यामुळं ती गप्प बसली.

आता अडचण आली माझ्या दमाची. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, श्वास सोडत सोडत एक पाय उचलायचा. लहान मुलाला जमेल असा व्यायाम. पण पाय उचलला की माझा श्वास आपोआप कुलूप लावून बसायचा. मॅडम सोडा म्हणायच्या, मी सोडतोय म्हणायचो आणि चेहरा लाल व्हायचा. दोन-तीन खेपा अशाच वाया गेल्या. शेवटी वैतागून त्या म्हणाल्या की तोंडानं आवाज काढा, कसलाही, आवाज चालू आहे तोवर दम कोंडता येणार नाही. मला काय काढावं सुचेना. आकडे म्हणायला गेलो तर आकड्यांच्या मधे दम धरायचो.

आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मी डोळे मिटले आणि मेंढरं वळवायची हाक दिली. लहानपणी वडलांकडून ऐकलेली, लांबलचक, 'हुऽऽर्रऽऽ' करत माळाच्या टोकापर्यंत जाणारी. बाहेर बसलेले पेशंट उठून दाराशी आले. अर्चनानं कपाळावर हात मारला. पण माझा पाय वर होता, पोट आत सपाट खेचलेलं होतं आणि कुठंही उंचवटा नव्हता. मॅडम माझ्या पोटाकडं बघत होत्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "परत द्या."

मी परत दिली. त्या दिवशी दौंडच्या त्या खोलीत किती मेंढरं वळली असती याचा हिशोब नाही. हाक देता देता मी पाय उचलला, मग दुसरा उचलला, मग कुशीवर वळून, कोपर टेकून कंबर उचलली. जन्मात पहिल्यांदा माझं पोट आणि माझा श्वास एकाच बाजूनं खेळत होते. परतताना मी बसमध्ये उगाच हसत होतो.

पैज

सगळं सरळ झालं असं नाही. कारखान्यात परत रुजू झालो, हलकं काम मिळालं. जेवणाच्या सुट्टीत तिथली पोरं कोपरांवर आडवं होऊन कोण जास्त वेळ टिकतो अशी पैज लावायची. बरेच दिवस मी लांब राहिलो. मग एकदा अंगात आलं आणि उतरलो. शेवटी कंबर झोळीसारखी खाली लोंबत होती, पण मी सोडलं नाही. शेजारचा बिहारचा पोरगा म्हणत होता, "भैया, साँस तो लो." जिंकलो. आणि संध्याकाळी कमरेत असा चमका आला, की मला वाटलं जाळी फाटली. बेंबीला हात लावायची हिंमत होईना.

दुसऱ्या दिवशी दौंडला गेलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जाळी जागेवर आहे, कंबर लचकली आहे. मॅडमनी मात्र सोडलं नाही. किती वेळ धरलं हे कौतुकानं सांगायला लागलो तर म्हणाल्या, कसं धरलं ते सांगा. कंबर खाली गेली त्या क्षणी तुमचा व्यायाम संपला, पुढची सगळी तुमची हौस. मी मान खाली घालून ऐकलं. तिथून पुढं मी कुणाशी पैज लावली नाही. थोडंच, पण नीट करायचं. मधे एक दिवस विश्रांती. पाठीचं आणि कुशीचंही तितकंच. रोज शिफ्टनंतर चालणं. पोट हळूहळू उतरलं, पॅक एकही आला नाही. पण एक दिवस मुलगी हात वर करून आली आणि मी श्वास सोडत तिला उचललं. अर्चना बघत होती, तिनं अडवलं नाही.

त्यानंतर मॅडमनी ढोल न वाजवता गळ्यात घ्यायला सांगितलं. नुसतं उभं राहायचं. मग चालायचं. मग एक ठेका. प्रत्येक पायरीला डॉक्टरांना दाखवायचं. मला घाई होती, पण कमरेतला चमका आठवायचा.

झांज

जत्रा आली. मंडळ देवळापुढं जमलं, परीक्षा सुरू झाली. एकेक जण उताणा झोपत होता, आप्पा पोटावर वाजवत होते. माझी पाळी आली, तसं त्यांनी झांज पुढं केली.

मी झांज घेतली नाही. मला ढोल पाहिजे म्हणालो. आप्पा म्हणाले, झोप मग. मी सांगितलं की झोपणार नाही. आप्पांच्या शब्दाला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं, आणि मी तर त्यांच्या हाताखाली वाढलेला.

"आप्पा," मी म्हणालो, "मी आता दम धरणार न्हाई. दम सोडत वाजवणार. वाजवून दावतो, जमलं न्हाई तर झांज घेतो."

मला जाळीची भीती नव्हती, आप्पांची होती. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि झांजवाल्याला डोळ्यानं खुणावलं.

मी ढोल पोटावर घेतला. पहिला ठोका, श्वास बाहेर. वाकलो, श्वास बाहेर. बसलो, उठलो, गिरकी घेतली. तोंडातून बारीक 'हुऽऽर्र' निघत होतं, ते ढोलात कुणाला ऐकू गेलं नाही. पूर्वी मी तिसऱ्या फेराला धापा टाकायचो, कारण तोवर दम कोंडून कोंडून फेस आलेला असायचा. आता फेरामागून फेर होत गेले आणि माझा श्वास चालूच होता. बरोबर वाजवणारे दोघं थांबले. झांजवाल्यानं हात झटकले आणि बाजूला झाला. मी मात्र वाजवत राहिलो, आप्पांनी हात वर करेपर्यंत. त्यांनी झांज उचलली आणि दुसऱ्याला दिली.

जत्रेत मी रिंगणाच्या मधे होतो. रुमाल फिरत होते, धूळ उडत होती, भंडारा डोळ्यात जात होता, आणि माझ्या पोटावर ढोल असा बसला होता की जणू तो कधी उतरलाच नव्हता. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी अर्चनाला सांगून टाकलंय. ती पहिल्या रांगेत उभी होती. आधी तिची नजर माझ्या पोटावर होती, दर वेळी मी वाकलो की तिचा हात स्वतःच्या तोंडाशी जायचा. मग केव्हातरी तिची नजर वर माझ्या तोंडाकडं आली आणि तिथंच राहिली. शेवटचा फेर झाल्यावर तिनं पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "बरा वाजवला." आमच्या घरात यापेक्षा मोठं कौतुक होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात एकटा होतो. आप्पा आले, दार ढकललं आणि आतून कडी लावली. मला वाटलं, चारचौघांत उलट बोललो त्याचा हिशोब आता होणार.

ते म्हणाले, "ती पोटावर ढोल ठिवायची रीत बंद केली म्या. पोरांची पोटं हायती ती."

मग त्यांनी सदरा वर केला, धोतराच्या आत बांधलेला कातडी पट्टा सोडला आणि जांघेकडं बोट दाखवलं. कांद्यापेक्षा मोठा गोळा होता. पट्ट्याखाली सगळी कातडी काळी पडून घट्टे पडलेले. मी किती वर्षं झाली विचारलं, तर म्हणाले, तुझ्या लग्नाच्या आधीपासून. एवढी वर्षं ते हे बांधून आमच्यापुढं नाचले, आमच्या पोटांवर वाजवत राहिले, आणि माझ्या खाटेशी बसून मला झांज घे म्हणाले. त्यांना ढोलाची काळजी नव्हती, अशा पोटावर ढोल घेतला की पुढं काय भोगावं लागतं ते त्यांना माहीत होतं. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता, पण नुसतं भरून आलं.

मी मित्राची गाडी मागवली आणि दौंडच्या दवाखान्यात जायला स्वतःच चालवायला बसलो. आप्पा पुढच्या सीटवर ताठ बसले. शिरूर मागं पडलं, न्हावरा गेलं, भीमेचा पूल आला. पूल ओलांडल्यावर त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "लई दुखतं का रं?"

आप्पांना कशाची तरी भीती वाटते हे मी उभ्या जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो.

"दुखतं, आप्पा," मी म्हणालो. "खोकताना, हसताना, उठताना दुखतं. मग एक दिवस ध्यानात येतं की आज दुखलं न्हाई."

आप्पांनी मान हलवली. मग सीटला पाठ टेकून म्हणाले, "चालव मग जरा बिगीनं."